घंटेची नोंद

घंटेचा शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. सिग्नलवाल्याने त्यावर तेल सोडलं, पाना अडकवला आणि अंगाचा भार टाकला. बोल्ट निघाला, घंटा खांबावरून उतरली. रुळांखालून नवा रस्ता झाल्याने या फाटकाचं काम संपलं होतं. त्याची नोकरीही महिन्याभराचीच उरली होती.

ऑफिसने सामानाबरोबर एक कागद मागितला होता: इथे कधी काय बसवलं, कधी काय बिघडलं. खांबाला टेकून त्याने लिहायला घेतलं. आधी नुसता झेंडीवाला; आडवा दांडा इथे कधी बसलाच नाही. अंधार पडला की त्याच्या हाती कंदील. मग डोलणारी तांबडी तबकडी. मग आलटूनपालटून लुकलुकणारे दोन दिवे आणि विजेची घंटा, गाडी जवळ आली की आपोआप सुरू होणारी. इथवर हात सरसर चालला. 'बिघाड' या रकान्यापाशी अडला. एकोणीस वर्षं, दर तपासणीला, त्याने तिथे 'काही नाही' असंच लिहिलं होतं.

कागदाची घडी करून त्याने खिशात घातली आणि तो कानसेनकाकांच्या घराकडे निघाला.

काका शिलाई मशीनं दुरुस्त करत. नजर अधू, पण मशीन फिरवलं की नुसत्या आवाजावरून कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगत. म्हणून शिंप्यांनीच त्यांना हे नाव ठेवलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी याच फाटकावर गाडीने त्यांचा डावा पाय नेला. दिवे चालू होते, पण भर उन्हात ते त्यांना दिसले नाहीत. घंटा ऐकूच आली नाही, असं ते सांगत राहिले. चौकशीला आलेल्या साहेबांनी घंटा वाजवून पाहिली. ठणठणीत होती. तेव्हापासून लोक ते नाव हसून घेऊ लागले, आणि काकांनी अवजारांची पेटी जावयाला देऊन टाकली.

काका दारात खुर्ची टाकून बसले होते.

"कोण आहे?"

"सिग्नलवाला. काका, त्या दिवशी घंटा नीट वाजत नव्हती."

काकांनी मान वळवली.

"फाटकाला लागून माझी बहीण राहायची. तिचं तान्हं घंटेने दचकायचं, रडून रडून निळं पडायचं. तिने माझे पाय धरले. मी घंटेच्या हातोडीला चामड्याची पट्टी गुंडाळली. म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. साहेब यायच्या आधी काढून टाकली."

काका शिव्या देतील, कुबडी उगारतील, असं मनाशी धरूनच तो आला होता. काकांनी फक्त हात वर नेला आणि आपला कान चाचपला.

"बायको म्हणायची, तुमचे कान शाबूत आहेत," ते म्हणाले. "मी तिच्यावर खेकसायचो. तुला काय कळतं, म्हणायचो. तशीच गेली ती."

काका कुबडी घेऊन उठले. "चल."

"कुठे?"

"शिंप्याकडे. त्याच्यासमोर बोल हे."

शिंप्याच्या दुकानात तीन मशीनं चालू होती. सिग्नलवाल्याने अगदी बहिणीपासून सगळं सांगितलं. एकेक मशीन थांबलं. शिंपी हळहळला.

"भाच्यासाठी जीव तुटतोच हो माणसाचा," म्हणत त्याने सिग्नलवाल्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पाणी पिऊन सिग्नलवाल्याने कपाळ पुसलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

बाहेर आल्यावर काका थांबले.

"यापुढे बाळाचं सांगू नकोस. लोक तुझीच कीव करतात."

पुढचं दुकान पिशव्या शिवणाऱ्या बाईचं होतं. काकांना पायरी चढता येईना. त्याने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. बाईच दारात आली. सिग्नलवाल्याच्या ओठांवर पुन्हा बहीण आली. त्याने ती बाजूला ठेवली.

"घंटेचा आवाज मी दाबला होता," तो म्हणाला. "काकांचे कान चांगले होते."

बाई त्याच्याकडे नुसती पाहत राहिली, आणि त्याला मान खाली घालावी लागली.

"हं. असं सांगायचं," काका म्हणाले. "अजून अकरा दुकानं आहेत."