दोन सुरांची शिट्टी

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती इंजिनचालकापासून होईल तेवढी लांब बसली होती. पोलादाच्या कारखान्यातल्या रुळांवर याच माणसाने इंजिन मागे रेटलं आणि डबे जोडायला शिरलेले तिचे बाबा मध्येच चिरडले गेले. तो भेटायला आला तेव्हा तिने अख्ख्या गल्लीदेखत त्याला हाकललं होतं. "कुठल्या तोंडाने आलात?" आज तिची साक्ष झाली की त्याची नोकरी जाणार, हे सगळे धरूनच चालले होते.

नियम साधा होता. डब्यांच्या मध्ये शिरणाऱ्याने रुळात लाल झेंडी रोवायची आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायची. झेंडी असेपर्यंत इंजिन हलवायचं नाही. "झेंडी दिसली नाही," एवढंच चालक सांगत होता. डोळे फुटले होते का, असं तिने चारचौघांत विचारलं होतं.

तेवढ्यात खिडकीबाहेर शिट्टी वाजली. एक लांब, चढत गेलेली, मग एक आखूड. बाबांची! लहानपणी याच शिट्टीने ते तिला खेळातून घरी बोलवायचे. ती धावत खिडकीशी गेली. खाली ढेरी सुटलेला एक कामगार डब्यांच्या फटीतून बाहेर येऊन तोंडातून काढलेली बोटं पुसत होता. इंजिन हललं. रुळात झेंडी नव्हती.

"याला कशी येते ही?"

"सगळ्यांनाच येते," मागून चालक म्हणाला. "मास्तरांनीच शिकवली, तुझ्या बाबांनी. कोणी झेंडी रोवायला घेतली की चिडवायचे, 'आलं बघा, वरातीचं निशाण!' शिट्टी झाली की माणूस बाहेर आला, असं आम्ही धरायचो."

"मग त्या दिवशी..."

"पलीकडच्या रुळावर कोणीतरी वाजवली. मला वाटलं, मास्तरच."

"कोणी?"

"त्याचं त्यालाही ठाऊक नाही. राहू दे."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"मास्तरांनी झेंडी लावली नव्हती, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तूही बोलू नकोस, पोरी. मला तसंही आता घरीच बसायचंय."

तिला हायसं वाटलं. बाबांचं नाव शाबूत राहणार होतं. लगेच त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली, की कान तापले.

आत दोघांना समोर बसवून साहेबांनी तिला विचारलं, "वडिलांनी झेंडी लावली होती ना?"

"नाही. ते शिट्टीवर काम करायचे. इतरांनाही तेच शिकवायचे."

चालकाने मान खाली घातली. साहेब हसले. "शिट्टीवर इंजिन? अहो, हे काय मेंढरं हाकणं आहे?"

तिने उठून आधी खिडकी लावली. खाली माणसं डब्यांच्या मध्ये होती. मग बाबांनी शिकवल्याप्रमाणे दोन बोटं तोंडात घालून तिने शिट्टी वाजवली. एक लांब, एक आखूड.

चालकाची मान खालीच होती, पण उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि समोर नसलेला इंजिनचा दांडा पुढे ढकलून थांबला. खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला. चालकाने चोरी पकडली गेल्यासारखा तो हात दुसऱ्या हाताखाली दडपला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तिने बोटं ओढणीला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. त्या हाताकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.