शून्य दोन तीन एक

"मावशी, अक्षरांना त्या टोप्या नि शेपट्या नाही लावल्या तर काय आभाळ कोसळणारेय? वाचणारे घेतात की समजून!" निकोल कॉफी ढवळत म्हणाली.

"समजून घेणारे सगळे वर गेले. उरलेले मला फोन करून भांडतात," असुन्सांव म्हणाली आणि तिने पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड काढला.

चर्चच्या कचेरीतला नवा कीबोर्ड आखूड होता. उजवीकडची आकड्यांची बटणंच त्याला नव्हती, आणि असुन्सांवची सगळी विद्या त्या बटणांत होती. इंग्रजी कीबोर्डवर पोर्तुगीज खुणांची अक्षरं कुठून असणार? एक बटण दाबून धरायचं आणि आकडे मारायचे. शेपटीवाल्या सीला शून्य दोन तीन एक, नागमोडी रेघेच्या एला शून्य दोन दोन सात; ही दोन्ही अक्षरं तिच्या स्वतःच्या नावातच होती. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या या चर्चचं रविवारचं पत्रक तिने सव्वीस वर्षं असंच टंकलं. नवऱ्याचा वाढदिवस ती एखाद्या वर्षी विसरली असेल, आकडे कधीच नाहीत.

पुढच्या रविवारपासून पत्रक फक्त इंग्रजीत निघणार होतं आणि ते काम कचेरीतली, तिला नुसती मानाने मावशी म्हणणारी निकोल करणार होती. आजचं पत्रक असुन्सांवचं शेवटचं.

पत्रकाच्या शेवटी मिस्सांची, म्हणजे मृतांसाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनाविधींची, यादी असे. आधी मृताचं नाव, समोर मिस्सा मागणाऱ्याचं. पोर्तुगीज बेटांवरून इथे आलेल्या या माणसांत आपल्यामागे कुणीतरी आपल्यासाठी मिस्सा मागावी, एवढीच शेवटची आस. लेकरं मागतात, नाहीतर भाचे. नवरा डेलियू गेला तेव्हा असुन्सांवने मागितली होती. तिच्यासाठी कोण मागणार? मूलबाळ झालं नाही, बहीण तिकडे बेटावरच वारली. हल्ली जेवताना हा विचार आला की ती ताट बाजूला सारी. एकटं राहण्याची तिला सवय झाली होती. कुणी मिस्सा न मागितलेलं मरण मात्र तिला सोसवेना.

तिने यादी पुरी केली. मग 'तारीख ठरायची आहे' या मथळ्याखाली सावकाश आणखी एक ओळ टंकली, एकही खूण न गाळता.

निकोल खांद्यावरून वाचत होती. "मावशी, इथे चुकलंय बघ. दोन्हीकडे तुझंच नाव पडलंय."

"चुकलं नाही. दोन्हीकडे मीच आहे."

"अगं, असं कुणी करतं का?"

"ज्याचं कुणी नाही, ते करतं. माझ्यासाठी तू येणार होतीस मागायला?"

निकोलने कप खाली ठेवला, उगाच पडद्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आणि तारीख?"

"ती तुलाच टाकावी लागेल, पोरी," असुन्सांव म्हणाली.