चाळीस नंबरच्या मागे

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, मित्रांनो. आकाराने मोठ्या नाण्याएवढा, वर दोरा ओवायला एक भोक, आणि पोटावर ४० हा आकडा. आमच्या दवाखान्यात अशी पद्धत होती, की सकाळी खिडकीवरून नंबराचा बिल्ला घ्यायचा, नंबर पुकारला की आत जाऊन डॉक्टरांना दाखवायचे आणि बिल्ला त्यांच्या टेबलावरच्या ताटलीत टाकायचा. मी पेटीतला शेवटचा होतो. माझ्यामागे कोणी नव्हते. म्हणजे बिल्ला कोणी नव्हता. माणसे पुष्कळ होती.

माझा जन्म भांडी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. त्याने पितळी पत्र्यातून आम्हाला गोल कापले, कानशीने कडा घासल्या आणि पोलादी ठशांवर हातोडी मारून आकडे उठवले. एक ते एकोणचाळीस सरळ आले. माझ्यापर्यंत येईतो त्याचा हात भरून आला होता, म्हणून माझे शून्य जरा कलंडले आहे. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. शेवटच्याला शिळेपाकेच मिळते.

चाळीसच का, असे तुम्ही विचाराल. तेव्हाच्या डॉक्टरांनी हिशेब केला होता. सकाळी नऊ ते एक म्हणजे चार तास, माणशी सहा मिनिटे, म्हणून चाळीस. हिशेब चोख होता. पुढे वस्ती वाढली, मागच्या माळावर दोन कारखाने आले, ते डॉक्टर निवृत्त होऊन त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर मात्र एकच राहिला आणि बिल्लेही चाळीसच राहिले.

खिडकीवर बसत ते काका. खरे तर ते कारकून, पण सगळा दवाखाना त्यांना काकाच म्हणे. शिस्तीचे एकदम कडक. जो आधी येईल त्याला आधी बिल्ला. मग तो सावकार असो की सासुरवाडीचा पाहुणा. एकदा त्यांची सख्खी मेहुणी उशिरा आली, तिलाही त्यांनी परत पाठवले आणि पुढे महिनाभर घरी मुकाट्याने जेवले. माणूस प्रामाणिक होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण ती खिडकी ठेंगणी होती. काका आत खुर्चीवर बसत आणि भिंतीतल्या त्या वीतभर चौकोनातून त्यांना फक्त हात दिसत. मलाही हातच ठाऊक. घामेजलेले, खरबरीत, मेंदी उतरत आलेले, थरथरणारे. बाहेरून बहुतेकांचा एकच शब्द ऐकू येई: "नुसतं". "काका, नुसतं दाखवायचंय." "नुसत्या गोळ्या लिहून हव्यात." "नुसतं दोन मिनिटांचं काम आहे हो!" काका म्हणत, "सगळ्यांचंच नुसतं असतं. हा घ्या बिल्ला, पुढे व्हा." आणि मी हातात गेलो, की खिडकीची फळी खाली ओढून ते आतूनच ओरडत, "बिल्ले संपले! उद्या या!"

रांग पहाटेपासून लागे. माणसे आपल्या जागी पिशवी, वीट, नाहीतर चपलेचा एक पाय ठेवून चहाला जात. विटेवरून होणारी भांडणे ऐकून आमचा छत्तीस नंबर म्हणे, "आकडा माझा, पण पटत नाही ते यांचंच!"

डॉक्टरीणबाई दरवर्षी वर अर्ज पाठवत, की एक डॉक्टर आणखी द्या. एकदा वरच्या कार्यालयातून तपासणीस साहेब आले. त्यांनी रुग्णांची नोंदवही उघडली, पाने उलटली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"रोज चाळीस येतात, रोज चाळीस तपासता. मागणी तेवढा पुरवठा! इतका तंतोतंत मेळ मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मग दुसरा डॉक्टर कशाला हवा?"

"आणि जे परत जातात ते?" बाईंनी विचारले.

"ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेले नव्हते. ज्याला बिल्ला मिळाला तोच रुग्ण; ज्याला मिळाला नाही, तो कागदाच्या दृष्टीने त्या दिवशी आलाच नाही. मी ताटलीत पडल्या पडल्या हे ऐकत होतो. मला बोलता येत असते, तर साहेबांना एका सोमवारी माझ्यामागे उभे असलेले एकतीस जण मोजून दाखवले असते. साहेब चहा घेऊन गेले.

आता मी तुम्हाला त्या शिंप्याविषयी सांगतो.

पन्नाशीचा, अबोल माणूस. बाजाराच्या टोकाला त्याचे छोटे दुकान होते आणि पायाने चालवायचे एक शिलाई मशीन. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचे खाणेपिणे, कपडे, औषध सगळे उरकल्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नसे, म्हणून तो पहाटे रांग धरू शकत नव्हता. सोमवारी दुकान बंद असे, तेव्हा सोमवारी तो येई. आणि सोमवारीच आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी. पहिल्या सोमवारी तो आला तेव्हा फळी पडून बराच वेळ झाला होता. त्याने टकटक केली. काकांनी ती बोटभर उचलली. एक हात आत आला. बोटांच्या टोकांना सुईची टोचणी, नखांत निळा खडू.

"काका, नुसतं पायाच्या बोटाला जरा जखम आहे."

"बिल्ले संपले. उद्या या."

दुसऱ्या सोमवारी तो धावतपळत आला आणि बरोबर माझ्यामागचा ठरला. मी त्याच्या पुढच्या बाईंच्या हातात गेलो. त्या दोन वर्षे रक्तदाबाच्या त्याच गोळ्या घेत होत्या आणि महिन्याला चिठ्ठीवर सही घेण्यापुरत्या येत. त्या आत गेल्या, सही घेतली, बाहेर आल्या. त्यांची काही चूक नव्हती. पण मी ताटलीत पडलो तेव्हा मला फार लाज वाटली. तिसऱ्या सोमवारी तो हात पुन्हा आला, पुन्हा रिकामा गेला.

मग एका गुरुवारी त्याने दुकान बंद ठेवले, शेजारणीला आईजवळ बसवले आणि तो वेळेत आला. मी त्याच्या हातात पडलो. तळहात इतका तापला होता, की मी गरम झालो.

आत बाईंनी त्याच्या पायाची चिंधी सोडली. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरने पदर नाकाला लावला आणि लगेच खाली घेतला. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट काळे पडले होते. त्याला मधुमेह होता आणि त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

बाई चिडल्या. "अहो, इतकं होईपर्यंत घरी काय करत होतात? इतके दिवस होतात कुठे?"

"इथंच होतो, बाई," तो म्हणाला. "खिडकीवर. तीन सोमवार आलो."

बाईंनी काकांना बोलावले. काकांनी त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिले आणि मान हलवली. "नाही बाई, यांना मी कधी पाहिलेलं नाही. खोटं कशाला बोलू?"

आधाराला म्हणून शिंप्याने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. काकांची नजर त्या बोटांवर गेली. सुईची टोचणी. निळा खडू. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हा हात…" ते म्हणाले. "हो. हा हात आला होता. तीनदा."

शिंप्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन बोटे काढावी लागली. पाऊल राहते की जाते हे पंधरा दिवसांनी कळेल, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. पाऊल गेले, तर मशीन गेले. आणि मशीन गेले, तर ती म्हातारी आणि तो, दोघांचे जेवण गेले.

त्या दुपारी काका डबा न उघडताच बसून होते. नंतर त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली आणि तिच्यावर लिहिले: 'परत गेलेले'. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीत बसलेच नाहीत. आमची पेटी काखेत मारून ते बाहेर रांगेत फिरू लागले, आणि सिस्टर त्यांच्याबरोबर. काय होतंय, कधीपासून होतंय, पाय दाखवा, जीभ दाखवा. ज्यांना फक्त पट्टी बदलायची, ते सरळ सिस्टरकडे, बिल्ला नको. ज्यांना त्याच गोळ्या पुन्हा लिहून हव्यात, ते गुरुवारी दुपारी. त्या दिवशी बाई एक तास जास्त बसत. सिस्टर आधीच रक्तदाब बघून ठेवत आणि तासाभरात तीस जण मोकळे होत. आणि आम्ही शेवटचे पाच बिल्ले सिस्टरच्या कोटाच्या खिशात. जो आजच तपासला गेला पाहिजे, त्याच्यासाठी. मग तो कितीही वाजता येवो.

गडबड झालीच. एक निवृत्त मास्तर काठी आपटून म्हणाले, "मी पहाटे पाचपासून उभा आहे! नियम म्हणजे नियम! हा सरळ सरळ अन्याय आहे!"

"मास्तर, तुम्हाला गोळ्याच लिहून हव्यात ना?" सिस्टर म्हणाल्या. "मग पहाटे पाचला उठून गुडघे का दुखवून घेता? गुरुवारी तीनला या, खुर्ची देते."

"आणि नाही दिली तर?"

"तर माझ्या खुर्चीवर बसा. मला तसंही बसायला वेळ कुठे असतो?"

मास्तर पुटपुटत गेले. गुरुवारी आले, खुर्ची मिळाली, आणि पुढच्या महिन्यापासून ही कल्पना मूळची आपलीच, असे चारचौघांत सांगू लागले.

मित्रांनो, याने सगळे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही. एका डॉक्टरचे दोन डॉक्टर होत नाहीत. रोज कोणी ना कोणी परत जातच होते. पण आता ते मोजले जात. काका प्रत्येकाचे नाव, तक्रार आणि कितव्यांदा आला, हे लिहून घेत. पहिल्या सोमवारी तेवीस. मंगळवारी अकरा. थेंबे थेंबे वही भरत गेली.

पंधरा दिवसांनी शिंप्याचे पाऊल राहिले, असा निरोप आला. काकांनी तो ऐकला आणि बाहेर नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. पुढे शिंपी दिवसाआड पट्टीसाठी येऊ लागला. एके दिवशी काका त्याच्याजवळ बाकावर येऊन बसले. मी सिस्टरच्या खिशात होतो, आणि सिस्टर समोरच पट्टी बांधत होत्या.

"माझं चुकलं," काका म्हणाले.

"तुमचं कसलं चुकलं, काका? बिल्ले चाळीसच होते."

"फळी वर करून एकदा वाकून बघायला काय बिल्ला लागतो?"

"टाचेनं चालवायला शिकतोय मशीन," शिंपी म्हणाला. "टीप वाकडी येते अजून. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण दुसऱ्या वेळी येतही नाही." त्याची जुनी सफाई पुन्हा कधीच आली नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

वर्षाने तपासणीस साहेब आले. काकांनी नोंदवहीच्या शेजारी ती दुसरी वही ठेवली. दोन हजार एकशे चौदा माणसे. साहेबांनी पहिली पाच पाने भराभर उलटली, मग चष्मा लावला आणि सावकाश वाचू लागले. चहा निवून गेला. सात महिन्यांनी आठवड्यातले दोन दिवस दुसरे डॉक्टर येऊ लागले. त्या दिवसांसाठी एकेचाळीस ते ऐंशी असे ॲल्युमिनियमचे नवे बिल्ले केले गेले आणि तेवढ्यापुरते माझे शेवटचेपण संपले. मला तर बुवा हायसे वाटले!

आता आम्ही अडगळीच्या खोलीत आहोत, मोडक्या वजनकाट्याच्या खाली. तेवीस नंबर कोणाच्या तरी खिशातून घरी गेला तो गेलाच. माझ्या अंगावर हिरवट कळंक चढला आहे. बाहेर एक यंत्र बसवले आहे. कळ दाबली की नंबराची चिठ्ठी बाहेर येते, हवे तितके नंबर. ते कोणालाच नाही म्हणत नाही. पण मला कोणी विचारले, तर मी सांगेन, की नंबर छापणे सोपे आहे, माणूस तपासणे नाही. आणि फाटकातूनच रांग बघून जो मागे फिरतो, त्याची चिठ्ठी ते यंत्रही छापत नाही.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी खिडकीवर बसेल, कोणी साहेब होऊन वह्या तपासेल. किती जणांचे काम झाले हे तुम्ही मोजालच. ते सगळेच मोजतात. किती जण परत गेले, तेही मोजा. आणि तुम्ही रांगेत असाल, तेव्हा मागच्याला एकदा विचारा, काय होतंय म्हणून.

काकांनी निवृत्तीच्या दिवशी ती वही आमच्या पेटीत आणून ठेवली. तिच्या पहिल्या पानावर पहिली ओळ आहे: 'शिंपी. तीन वेळा. पाय.' तिच्याखाली त्यांनी लिहिले आहे, 'यांच्या आधी परत गेलेले', आणि पुढे आकडे घालून ठेवले आहेत, एक, दोन, तीन, पान संपेपर्यंत. आकड्यांपुढे नावे नाहीत. काका कितीतरी दुपारी पेन हातात घेऊन त्या पानापुढे बसत; पण त्यांना एकही नाव आठवले नाही.