कासम सटकला

अहवाल फर्डा झाला तर इग्नेशियसला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. वखारीच्या उन्हातून सुटका, डॉयलसाहेबाशेजारची एसी केबिन, आणि त्या हुद्द्याबरोबर बायकोला, लुर्डसला, वसईहून आणायचा फॅमिली व्हिसा. धोका काहीच नाही, कारण चौकशी कासमची होती. इग्नेशियसनं फक्त मराठीचं इंग्रजी करायचं.

सन सत्त्याण्णव, आखातातल्या सहमच्या रस्त्याचं काम. काँक्रीटच्या पंपावरचा कासम जागेवर नव्हता, तेवढ्यात काँक्रीट पाइपात अडकून दगडासारखं घट्ट झालं. साक्षीला त्याचाच जोडीदार हुसेन, दापोलीकडचा.

"काय सांगू इग्नेशियसभाय, पोरीचा रिझल्ट होता. फोन करायला वायच सटकला नि आला. पाच मिनटं!"

पाच मिनिटं सहज उतरली. 'सटकला'पाशी पेन अडलं. शब्द सुचेना, आणि सुचत नाही म्हणायला जीभ रेटेना. मग तिकडच्या पेपरात पळालेल्या कामगारांच्या फोटोखाली छापतात तो भारदस्त शब्द त्यानं डौलात लिहून टाकला : अ‍ॅबस्काँडेड.

डॉयलसाहेब आयरिश. वाचून हसला. "फरार झाला आणि पाच मिनिटांत परत? बरा फरारी आहे! माझ्या आजीच्या आयरिशमध्ये एक क्रियापद होतं, 'श्किन'. धोबी पक्षी दगडावरून दगडावर जातो ना, डोळा लवायच्या आत, तसं. इंग्रजीत मला ते कधी बसवताच आलं नाही. डार्ट म्हणावं तर बाण सुटतो, एस्केप म्हणावं तर पोलीस येतात. तुमचा शब्द त्यातला तर नाही?"

अगदी त्यातलाच होता. पण इग्नेशियसला वाटलं, साहेब आपलं इंग्रजी जोखतोय.

"नो सर. एक्झॅक्टली हाच अर्थ."

"भाषा तुझी. तू म्हणशील तसं."

कागद मालकाकडे, अर्बाबाकडे गेला. पाइपाचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याला तो शब्द खुपला. "एकदा पळाला तो पुन्हा पळणार. खलास!"

आठवड्यात कासमचं परतीचं तिकीट निघालं. तो गेला त्या दिवशी हुसेन वखारीच्या दारात उभा. "कासम विचारीत होता, पळायचंच होतं तर मी परत कशाला आलो असतो?"

इग्नेशियस फाइल चाळत राहिला. कान तापले होते. "इंग्रजीत तसंच म्हणतात."

पहिलं खोटं इंग्रजीत होतं, ते खपलं. हे मराठीत होतं. हुसेन वळला.

त्याच दुपारी इग्नेशियस साहेबापुढे उभा राहिला. "सर, तो शब्द... तुमच्या आजीचाच होता."

"मी विचारलं होतं," साहेब एवढंच म्हणाला.

पाइपाचं नुकसान विम्यानं भरून दिलं. कबुली साहेबापाशीच थांबली. केबिन मिळाली, लुर्डसही आली. हुसेन 'भाय' सोडून 'इग्नेशियससाहेब' म्हणू लागला. पाच मिनिटांची सगळी किंमत कासमनं मोजली. इग्नेशियसच्या वाट्याला आली ती नुसती लाज, आणि तीही एसीत बसून.