चारशे नऊ मीटर खाली

अंगठ्याएवढा. फार तर अंगठा आणि वर एक नख... काळा, तेलकट काळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा खडक मात्र नेहमीचाच, करडा, मध्ये मध्ये विटकरी डाग पडलेला. ओरेस्ट प्रोकोपचुकने तो तुकडा लाकडी खोक्यातल्या खाचेतून उचलला, अंदाजापेक्षा जड लागला म्हणून चटकन परत ठेवला, आणि पत्ता चुकून दारात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत उभा राहिला.

युरेनियमचा माग सांगणारं किरणमापक अजून लावलंच नव्हतं. खरं म्हणजे जमिनीतून खडकाचा गाभा वर आला, खोक्यात मांडला, की पहिलं काम तेच. एकतीस वर्षं तो ते दात घासावेत तसं करत आला होता. आज मात्र त्याने आधी कॉफी ओतून घेतली, मग चष्मा पुसला, मग पेन्सिलीला टोक काढलं, मग आधीच चांगलं टोक असलेल्या दुसऱ्या पेन्सिलीला टोक काढलं. शेवटी काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा यंत्र उचललं.

एरवी ते यंत्र सेकंदाला शंभर-सव्वाशे ठोक्यांच्या आसपास कुरकुरत राहतं. तेवढं तर कुठल्याही दगडी पायरीलाही लागतं. काळ्या तुकड्यावर नेताच ते किंचाळलं. नऊ हजार चारशे.

"गप," ओरेस्ट यंत्राला म्हणाला, आणि बटण बंद केलं.

खोपटात तो एकटाच होता. बाहेर गोठलेलं तळं, तळ्याच्या मधोमध बर्फावर उभं केलेलं ड्रिल, आणि काठावर सहा तंबू. या हंगामातलं नववं आणि शेवटचं भोक. ठरल्याप्रमाणे ते पहाटे चारशे बारा मीटरवर थांबलं होतं आणि उद्या दुपारपर्यंत ड्रिलचं यंत्र तळ्यावरून हलायचं होतं, कारण ते दुसऱ्या कोणाला तरी हवं होतं. पुढं खोदायचं तर आजच सांगायला हवं. उद्या नाही, कारण यंत्र नसेल. पुढच्या महिन्यात नाही, कारण बर्फ नसेल. आणि पुढच्या हिवाळ्यात पैसे संपून कंपनीच नसेल. हा तुकडा म्हणजे खाली असलेल्या मोठ्या कशाचं तरी शेपूट आहे, की नुसतंच शेपूट आहे, हे जाणून घ्यायला आणखी साठ मीटर तरी उतरायला हवं, आणि ते कोणीतरी आपल्या नावावर मागायला हवं. ते कोणीतरी म्हणजे मी, हे ओरेस्टला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि... भिंत. आधी भिंत बघावी.

त्याने खोपटाच्या चारही भिंतींना बाहेरून फेरी मारली. एका बाजूला लाकडं, एका बाजूला तेलाची पिंपं, बाकी बर्फ.

अठरा वर्षांपूर्वी, इथून पूर्वेला, दुसऱ्याच एका कंपनीच्या तळावर असाच काळा तुकडा, असाच कर्कश आवाज, आणि चाळिशीला टेकलेला ओरेस्ट, ज्याने अर्ध्या तासात व्हँकूवरच्या कचेरीला फोन लावला होता. बातमी छापली गेली, गुंतवणूकदार नाचले, आणि बातमीच्या खाली ओरेस्टचं नाव. तसा नियमच आहे—असल्या बातमीखाली एका जाणत्या माणसाचं नाव लागतं, म्हणजे उद्या ती खोटी ठरली तर कोणाची मान धरायची ते लोकांना माहीत असावं. चौथ्या दिवशी कळलं, की त्याच्या खोपटाच्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे, ताडपत्रीखाली, आधीच्या लोकांनी काढून ठेवलेल्या अस्सल युरेनियमच्या गाभ्याची बावीस खोकी रचलेली होती. यंत्र इमानेइतबारे भिंतीपलीकडचं मोजत होतं. ओरेस्टचा तुकडा निघाला ग्रॅफाइटचा. पेन्सिलीत असतो तो.

तेव्हापासून सास्काटून या त्याच्या गावातल्या कुठल्याही मेजवानीत कोणीतरी भिंतीवर टिचकी मारून विचारतंच, "काय ओरेस्ट, इथं लागतंय का काही?" मेहुण्याने तर हे स्वतःच्या लग्नात, माइक हातात घेऊन, दोनशे माणसांसमोर विचारलं. सगळे हसले. हालिना, त्याची बायको, तेवढी हसली नाही. तिने नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं—अजूनही लागतं, इथं बर्फात लाकडांच्या ढिगाकडे बघतानासुद्धा.

लाकडांनी काही सिद्ध होत नाही, त्याने ठरवलं. तुकडा घेऊन लांब जायला हवं, सगळ्यापासून लांब, तळ्यावर. हातात धरून नेण्यात काही धोका नव्हता, पण उघडा नेला तर माणसं बघणार. तो स्वयंपाकाच्या तंबूत शिरला. इव्हेट मोंग्रां, ला लोश गावची. सोळा वर्षं अशा तळांवर रांधत आलेली.

"एखादा डबा आहे का, झाकणाचा?"

"कशाला?"

"असाच."

"असाच कोणी डबा मागत नाही, बाबा. दगड घालणार आहेस ना? माझ्या पावाच्या डब्यात दगड नको, आधीच सांगते."

"लहान आहे गं."

"लहान दगड, मोठा दगड... मागच्या तळावर एकाने माझ्या पातेल्यात गाळ धुतला होता. त्याचं पुढं काय झालं विचार."

"काय झालं?"

"नोकरी सोडली. माझ्या हातचं जेवून." तिने केकचा जुना डबा त्याच्यापुढे आदळला. "हा घे. परत आणू नकोस."

केकचा डबा छातीशी धरून ओरेस्ट दोनशे पावलं चालला. ती त्याने मोजली, कारण मोजताना दुसरा विचार करता येत नाही. तुकडा बर्फावर ठेवला. यंत्र लावलं. नऊ हजार चारशे. तुकडा डब्यात बंद करून तिथंच ठेवला आणि यंत्र घेऊन तीस पावलं मागे आला: एकशे दहा. पुन्हा गेला. नऊ हजार तीनशे नव्वद... बघा, कमी झालं! त्या दहाच्या फरकाने त्याला केवढा आनंद झाला, आणि लगेच स्वतःची शरमही वाटली. माणसाला एकतीस वर्षं एक गोष्ट शोधायचा पगार मिळतो, ती सापडते, आणि तो आशेने बघतो कशाकडे, तर दहाने घसरलेल्या आकड्याकडे. ओरेस्ट, तुझं काहीतरी बिनसलंय.

मग त्याच्या मनात आलं, की आपणच असू. कपड्यांना, बुटांना खोपटातली धूळ लागली असेल. यंत्र आपल्यालाच मोजत असेल. हा विचार मूर्खपणाचा होता, नुकतंच तीस पावलांवर त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि तरी त्याने कोट काढून बर्फावर ठेवला, मग वरची विजार, मग बूट, आणि उणे अठरा तापमानात लांब अंतर्वस्त्रावर आणि हालिनाने विणलेल्या मोज्यांवर तो तुकड्यापाशी उकिडवा बसला. नऊ हजार चारशे.

बर्फावरची मोटरगाडी जवळ येऊन थांबली. नेपोलियन जानव्हिए, मुख्य ड्रिलर, इथल्या मूळच्या डेने लोकांपैकी, ओरेस्टच्याच वयाचा. दोघांनी मिळून चाळीसेक भोकं पाडली होती, सगळी रिकामी. नेपोलियनने इंजिन बंद केलं, कपड्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग ओरेस्टकडे.

"अंघोळ का?"

"मोजतोय."

"काय, थंडी?"

ओरेस्टने यंत्र पुन्हा तुकड्यावर नेलं. नेपोलियनने सिगारेट पेटवली, अर्धी ओढली, आणि इंजिन चालू करता करता म्हणाला, "दोन वाजता तुझा तो कार्यक्रम आहे म्हणे. विजार घालून जा."

कार्यक्रम म्हणजे गुंतवणूकदारांची दर तिमाहीची ऑनलाइन सभा. कंपनीचा प्रमुख ट्रिस्टन बेलार्ड व्हँकूवरहून बोलायचा, आणि शेवटी दोन मिनिटं 'थेट तळावरून' म्हणून ओरेस्ट. इंटरनेट फक्त स्वयंपाकाच्या तंबूत चालत असल्याने थेट तळावरून नेहमी तळणाचा आवाज यायचा. आजही इव्हेट बॅनॉक, म्हणजे तिकडचा जाड तळलेला पाव, तळत होती, आणि पडद्यावर ट्रिस्टन तो बाण दाखवत होता. युरेनियमचा भाव. जगाला वीज हवी, अणुभट्ट्या वाढतायत, खाणी अपुऱ्या, म्हणून बाण वर, उजव्या कोपऱ्याकडे, जिथं आलेख संपतो. ओरेस्टने हा बाण चार प्रमुखांच्या हाती पाहिला होता. बाण तोच, टाय बदलत गेले, आणि ट्रिस्टनपाशी येईतो टायही गेला. भाव कधी चढला, कधी पडला. बाण मात्र कधी खाली बघायला शिकला नाही... आणि तरी, याच वेळी तो खरा असेल तर? वर भाव खरा आणि खाली शेपूट खरं, दोन्ही एकाच वर्षी...

"आणि आता थेट तळावरून, आपला मित्र ओरेस्ट!"

ओरेस्टने घसा खाकरला. जे अजून छापून जाहीर झालेलं नाही ते सभेत बोलायचं नाही, हा नियम त्याला पाठ होता, त्यामुळे काही सांगायचा प्रश्नच नव्हता. तो नेहमीचं बोलला. नऊ भोकं, इतके मीटर, अमुक खडक, तमुक चिकणमाती, हवामान, बर्फाची जाडी. आभार.

एक प्रश्न आला. स्विफ्ट करंट गावच्या केसलर बाई. निवृत्त संगीतशिक्षिका, सहा वर्षांत एकही सभा न चुकवलेल्या, विणता विणता ऐकणाऱ्या.

"प्रोकोपचुकसाहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"हो. का?"

"तुम्ही दर वेळी शेवटी म्हणता, 'एकूण चिन्हं आशादायक आहेत.' आज नाही म्हणालात. मी वाट बघत होते."

आशादायक... हा शब्द त्याने भिंतीनंतर शोधून काढला होता. त्याचा अर्थ, काही मिळालं नाही, पण माझ्यावर रागावू नका. त्या शब्दाखाली कोणी मान धरत नाही. चाळीस रिकाम्या भोकांवर त्याने तो पांघरूण घालावं तसा घातला होता, आणि आज, पहिल्यांदाच खरोखर काहीतरी हाती असताना, तो तोंडातून बाहेर येईना. साधी एक सवय. बाई विणता विणता ते ओळखतात आणि मी...

"हवामानामुळे आवाज तुटतोय," ट्रिस्टन घाईने म्हणाला, आणि सभा संपली. लगेच त्याचाच फोन आला.

"मित्रा, काय झालं? वाईट आहे ना? सांगून टाक. मी बसलोय."

"वाईट नाही."

"मग?"

सांगायला नको, हे ओरेस्टला अगदी स्पष्ट दिसत होतं. यंत्र उद्या जाईल. आपण शुक्रवारी घरी असू. तुकडा प्रयोगशाळेत जाईल, दोन महिन्यांनी कागद येईल. कागदावर काही असलं तर हळहळता येईल, आणि हळहळ किती सुखाची असते... 'सापडलं असतं हो, थोडक्यात राहिलं.' उरलेलं आयुष्य मेजवान्यांत ते सांगता येईल, आणि ते खोटं आहे असं कोणालाच म्हणता येणार नाही. चुकीचं ठरायला मी भितो असं मला अठरा वर्षं वाटत होतं. ते नव्हतंच. बरोबर ठरलो तर मला काय करायचं असतं तेच माहीत नाही.

"नऊ हजार चारशे," तो म्हणाला. "चारशे नऊ मीटरवर. अंगठ्याएवढा."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, अगदी हळू, "ओरेस्ट... भिंत बघितलीस?"

इव्हेटने झारा उचलला आणि फोनकडे असा रोखला, की ट्रिस्टनने तो पाहिला असता तर प्रश्न मागे घेतला असता.

"बघितली. तळ्यावर नेऊन मोजलं. दोनशे पावलांवर. मोज्यांवर बसून."

"मोज्यांवर का?"

"ते जाऊ दे. आणखी साठ मीटर हवेत. यंत्र थांबवून ठेव."

"तुझ्या नावावर?"

"माझ्या नावावर."

"तुझी खात्री आहे?"

"नाही," ओरेस्ट म्हणाला, आणि हे उत्तर इतकं सोपं होतं, की आजवर ते कधीच का दिलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. ट्रिस्टन मात्र अर्धा तास आकडेमोड करून, दोघांना फोन करून, मग 'बरं' म्हणाला.

ओरेस्ट धापा टाकत ड्रिलवर पोचला. माणसं यंत्र खोलायला लागली असतील, अर्धंअधिक खोललंही असेल... ती निवांत बसली होती. नेपोलियनच्या हातात पाना होता, आणि पाना एका बोल्टवर.

"खोललं?"

"खोलतोय की. सकाळपासून."

"काय काय?"

"हा बोल्ट." नेपोलियनने तो जागच्या जागी परत घट्ट केला. "काळा तुकडा नळीतून मी काढलाय, ओरेस्ट. मला डोळे नाहीत का? बघत होतो, तू त्याचं काय करतोस. विजार काढलीस तेव्हा वाटलं, गेला माणूस."

"बोलला का नाहीस?"

"माझं नाव कुठं छापतात?"

ओरेस्टला हसू आलं, आणि हसता हसता रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून तो यंत्राच्या आवाजात तोंड फिरवून उभा राहिला. नळ्या खाली उतरू लागल्या. तीन मीटर खोदायला अर्धा-पाऊण तास; मग तारेवरून नळी वर येते, आडवी ठेवतात, आणि हातोड्याने ठोकून आतला गाभा बाहेर काढतात. ही वाट त्याने हजारो वेळा पाहिली होती—जांभया देत, सँडविच खात, हालिनाला पत्र लिहीत. आज त्याला उभं राहवेना आणि बसवेना. त्याने याचं कारण शोधलं, थंडीपासून इव्हेटच्या बॅनॉकपर्यंत जाऊन आला, आणि मग त्याला कळलं, की ही नुसती इच्छा आहे. खाली काहीतरी असावं अशी इच्छा. ती इतकी मोठी होती, इतकी पोरकट आणि उघडीनागडी, की एकतीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने ती कोणाला दाखवू नये.

नळी वर आली. माणसांनी ती आडवी ठेवली. नेपोलियनने हातोडा घेतला आणि ओरेस्टकडे बघितलं.

"ठोकू?"

"थांब. एक मिनिट."

कोणी हसलं नाही. वारा होता, आणि इंजिनचा मंद आवाज. नळी बंद होती, आत तीन मीटर खडक होता, आणि ओरेस्ट प्रोकोपचुक तिच्याकडे सगळ्यांच्या देखत आशेने बघत होता.

नेपोलियनने घड्याळ पाहिलं. मिनिट झालं होतं. ओरेस्टने आणखी एक मागितलं.