‘वहाँ निखार रहना चाहिए’

“थांबव! अरे मेल्या, बंद कर ती मशीन!”

उषाताई अनवाणीच धावत सुटल्या होत्या. कणकेचे हात तसेच. ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या त्यांच्या कॉलनीमागचा उतार जेसीबीनं निम्मा खरवडून काढला होता. करवंदीची जाळी गेली, बाभळी गेल्या. करधईचं झाड आडवं झालं होतं, आणि नेमकं त्याच झाडावर निखाराचं घरटं होतं.

निखार चिमणीपेक्षाही लहान. पाठ काळीकुळकुळीत, पोट पांढरं आणि छातीवर शेंदरी रंगाचा भडका. या पाखराला बाग नको, हिरवळ नको. खडक हवा, काटे हवेत, कोरडी झुडपं हवीत. लोकांना उजाड दिसतं ते त्याचं भरलं घर! नाव त्यांच्या यजमानांनी, महिपतरावांनी सांगितलेलं. नोकरी बँकेत, पण रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून हा माणूस उन्हातान्हात पाखरांमागे हिंडायचा. ते गेले आणि घरातली मराठीही जवळजवळ त्यांच्याबरोबर गेली. मुलगा मोहित निम्मं हिंदीतच बोलायचा. मग उषाताई सकाळचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसत आणि निखाराच्या जोडीशी बोलत. “काय रे, आज उशीर केलास? बायको वाट बघतेय ना घरट्यात!” दिवसातलं तेवढंच काय ते मनासारखं बोलणं.

“आंटीजी! आइए, आइए!” कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष दौलतसिंह हसत पुढे आले. “ये सब आप ही की वजह से तो हो रहा है।”

“मेरी वजह से?”

“भूल गईं? मीटिंग में आप ही ने कहा था, पीछे निखार है, वहाँ निखार रहना चाहिए। तो लीजिए, ला रहे हैं निखार! झूले, टाइल्स, लाइटें। बोर्ड पर आपका नाम भी लिखवाएँगे।”

उषाताईंच्या पायाखालची जमीनच सरकली. हो, म्हटलं होतं. उतारावर लोक घरांचा मलबा टाकू लागले, म्हणून जन्मात पहिल्यांदा त्या सभेत उभ्या राहिल्या होत्या. टाळ्या पडल्या. आपलं पाखरू वाचलं म्हणून घरी येऊन त्यांनी शिरा केला होता, शिरा! अहो, हिंदीत निखार म्हणजे रौनक, शोभा, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? सारा जन्म ग्वाल्हेरात गेला. टोपी बाजारात भाव करताना हिंदी कधी अडली नाही. पण पाखराचं नाव जिभेवर आलं ते मराठीतच, आणि दुसरा काही अर्थ असू शकतो हे मनातसुद्धा आलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

तळपायाची आग मस्तकात गेली.

“आग लागो तुमच्या त्या निखाराला!” त्या मराठीतच कडाडल्या. “माझं नाव लावाल? लावून तर बघा, बोर्डाच्या कुऱ्हाडीनं ढलप्या काढते की नाही! आणि काय हो, निखार म्हणजे काय, असं एकानं तरी विचारलंत? टाळ्या पिटायला बरे सगळे पुढे!”

दौलतसिंहांना शब्द कळला नाही, सूर कळला. ते एक पाऊल मागे सरले.

“आई, प्लीज,” मागोमाग धावत आलेल्या मोहितनं दंड धरला. “सब देख रहे हैं. घरी चल ना. एका चिड़ियासाठी इतका तमाशा?”

“एका? घरट्यात पिल्लं होती रे! परवा तुला हाका मारमारून दाखवली. मोबाईलमधून मान वर केलीस का तू?”

मोहितचा हात आपोआप सुटला.

उषाताई आडव्या झाडात शिरल्या. बाभळीचे काटे पायात मोडत होते, त्याचंही भान नव्हतं. घरटं सापडलं. एवढंसं, मिठाच्या वाटीएवढं, वरून कोळ्याचं जाळं चिकटवून किती निगुतीनं विणलेलं. दोन्ही पिल्लं त्यातच होती. त्यांनी बोट लावून पाहिलं. मग पुन्हा लावून पाहिलं.

तेवढ्यात नर आला. चोचीत हिरवी अळी. झाड होतं त्या जागी हवेत फडफडला, वर गेला, पुन्हा तिथंच आला. शेवटी जेसीबीच्या उचललेल्या पिवळ्या हातावर जाऊन बसला. ड्रायव्हरनं मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

पाखरू खाली बघत होतं, इकडून तिकडून मान वळवत होतं.

उषाताईंनी घरटं पदराखाली घेतलं.

“गिळ रे बाबा,” त्या म्हणाल्या. “आता तूच गिळ.”

तो गिळेना. अळी तशीच चोचीत धरून बसून राहिला.