साखरीचा घाम

सकाळचे दहाच वाजले होते, पण बोरमाळच्या काळ्या रानातून झळा निघायला लागल्या होत्या. नांगरून टाकलेली ढेकळं अशी तापली होती की अनवाणी पाय पडला तर माणूस उडीच मारील. बिबीजानने गोठ्याच्या दारावरचं गोणपाट भिजवलं, साखरीच्या पाठीवर बादली ओतली आणि लगेच दोन्ही तळव्यांनी ते पाणी निपटून काढायला लागली. ओतायचं, निपटायचं, पुन्हा ओतायचं. अंगावर पाणी तसंच राहिलं तर ते तापतं आणि घोंगडी पांघरल्यासारखं होतं, हे तिला शेवगावच्या जनावरांच्या डॉक्टरीण दिपालीताईंनी शिकवलं होतं.

साखरी ही तिची पांढरी घोडी. परण्याला जाणारी, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीला नेणारी. वर्षापासून तिला घाम येत नव्हता. आयाळीखाली तळहाताएवढी जागा तेवढी ओली व्हायची, बाकी अंग भर उन्हात कोरडं ठणठणीत. दिपालीताईंनी मानेत कातडीखाली सुई टोचून औषध सोडलं होतं. त्या जागी घामाचे थेंब यायला हवे होते. अर्धा तास दोघी टक लावून बसल्या, थेंब आला नाही.

"आठच्या आत हिंडवायची, मीठ चुकवायचं नाही, दिवसभर सावली," त्या म्हणाल्या होत्या. "आठनंतर उन्हात काढलीत, तर घोडी हातची गेली समजा."

बिबीजानने पदराला हात पुसले, मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि तसबी, म्हणजे जपाची माळ, घेऊन साखरीच्या कुशीकडे बघत बसली. कूस एकदा वर आली की एक मणी. तसबीचे मणी शंभर. बेचाळीस झाले आणि मोबाईल वाजला. तिने भिंतीवर कोळशाने आकडा लिहिला. सगळी भिंत अशा आकड्यांनी काळी झाली होती.

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

"भाभी, हाय का कोन घरात?"

आवाज बन्सीआण्णाचा. गावातला पंधरा एकर ऊसवाला, तीन पाण्याच्या टँकरांचा मालक.

"घोडी हाय," बिबीजान म्हणाली. "तिला इचारा."

बन्सी वाकून आत आला. टोपी काढून वारा घ्यायला लागला.

"उद्या आमच्या धाकट्या रामचं लगीन हाय."

"पत्रिका न्हाई आली."

"गडबडीत ऱ्हाऊन गेली वो. आता मीच आलोय की." तो पालथ्या बादलीवर टेकला. "श्रीरामपूरची घोडी ठरली हुती. काल फोन, म्हनं लंगडती. नेवाशाला इचारलं, तर तिला शिंगरू झालंय. पाथर्डीची खात न्हाई. शिर्डीवाला फोनच उचलत न्हाई. एकाच टायमाला समद्या घोड्या कशा पडल्या?"

"ऊन लई हाय औंदा."

तिने तोंड साखरीकडे फिरवलं होतं, म्हणून त्याला तिचं हसू दिसलं नाही. श्रीरामपूरचा नूरमहंमद हा तिचा धाकटा दीर. नेवाशाचा तिचा भाऊ. पाथर्डीला बहीण दिलेली, शिर्डीला मावसभाऊ. घोडीवाल्यांची घरं ती किती, आणि सगळी एकमेकांची सोयरी. शुक्रवारी नमाज झाल्यावर तिने चौघांना फोन लावले होते आणि चौघांना एकच वाक्य सांगितलं होतं: "बन्सीच्या दारात घोडी गेली, तर माझ्या मयतीला येऊ नका."

"गाडीवर न्या की नवरदेव," ती म्हणाली.

"नेला असता. पन म्हातारी आडून बसलीय." म्हातारी म्हणजे बन्सीची आई, पुष्पावती. "म्हनती, थोरला घोडीवरून गेला आन धाकटा का पत्र्याच्या डब्यातून? घोडी न्हाई तर मांडवात पाय ठेवत न्हाई. आता बोला."

थोरल्याचं नाव निघालं तसं बिबीजानचे हात थांबले.

थोरल्या ओमचं लग्न गेल्या वैशाखातलं. अकराला परण्या निघाला आणि अडीच वाजले तरी मारुतीला पोचला नाही. डीजे पुढं, पोरं नाचतात, घोडी नाचवा म्हणतात. डांबर पायाला चिकटत होतं. साखरीच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या, मग त्या धारा थांबल्या. बिबीजान घाबरली. घोड्याचा घाम उन्हात असा मधेच थांबणं बरं नव्हे, एवढं तिला त्या धंद्यात तीस वर्षं काढून कळत होतं. ती बन्सीकडे गेली, म्हणाली, एक बादली पाणी द्या. पाव्हण्यांसाठी थंड पाण्याचे जार रांगेत मांडले होते. बन्सीने जारची तोटी सोडून पेला भरला. भल्या मोठ्या घोटाने चूळ भरली आणि साखरीच्या पुढच्या टापांजवळ धुळीत टाकली.

"हे घे," तो म्हणाला होता. "चाटू दे तिला."

पाव्हणे हसले होते. आणि पुढं साखरीचा घाम कायमचा सुकला, तेव्हा यानेच गावभर सांगितलं होतं की बिबीजानने आजारी घोडी आणून आमच्या लग्नाला अपशकुन केला.

"देते," बिबीजान म्हणाली.

बन्सीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पन माझं ऐकावं लागंल. मी म्हनंल तिथं थांबायचं. संगं पान्याचा टँकर पाहिजे. आन घोडीवर पानी घालायचं ते तुमच्या हातानं. गडी न्हाई, भाऊबंद न्हाई. तुमी."

बन्सीच्या मानेची शीर फुगली. पण म्हातारी आठवली असावी. "घालीन," तो म्हणाला. "आन भाभी, तुमच्या घोडीला ऊन सोसत न्हाई, ते ठावं हाय मला. सकाळी सातलाच काढू परण्या. उन्हं चढायच्या आत मारुती करून मोकळं."

खरं तर हेच पाहिजे होतं. सातला निघून पावणेआठला परत. दिपालीताईंनी पाठ थोपटली असती. बिबीजानने भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहिलं. सातला गाव अर्धं झोपेत असतं. पाव्हणे आलेले नसतात. बन्सीच्या हातातली बादली बघणार कोण?

"न्हाई," ती म्हणाली. "गेल्या साली अकराला निघाला हुता. औंदाबी अकरालाच निघंल."

तो गेल्यावर साखरीने तिच्या खांद्याला तोंड घासलं. बिबीजानने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला बोरमाळची सगळी आळी रस्त्याच्या कडेला होती. बन्सीच्या वावरातल्या मांडवापासून मारुतीपर्यंत विजेचे एकवीस खांब. दर तिसऱ्या खांबाला थांबायचं, असं तिने ठरवलं होतं. राम मुंडावळ्या बांधून साखरीवर बसला. पुढं डीजे, मागं टँकर, आणि मध्ये फेटा बांधलेला बन्सी.

तिसरा खांब आला. बिबीजानने हात वर केला. डीजे थांबला. तिने कमरेचा थर्मामीटर काढला, साखरीच्या मागं गेली आणि शेपटी उचलली.

रस्त्यावर हशा पिकला. ओट्यावरून लंकाबाई ओरडली, "अगं बया, ताप नवरदेवाला आलाय का घोडीला?"

"नवरदेवाचा त्याची बायकू बघंल!" दुसरी म्हणाली.

राम वर बसल्या बसल्या लाल झाला. पुढं बघावं तर पोरं मोबाईल धरून उभी, मागं बघावं तर शेपटी वर. थर्मामीटर वाजला. "एकशे दोन," बिबीजानने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "पानी."

बन्सीने गड्याला खूण केली. गडी बादली घेऊन पुढं आला. बिबीजानने लगाम धरला आणि साखरीच्या पुढं उभी राहिली.

"गडी न्हाई."

"आवो भाभी, पाव्हनं बघत्यात."

"बघू द्या."

"हात तर त्याचं हायेत, पन पानी माझंच हाय ना?"

"मग घोडीबी माझीच हाय. उतरा वो नवरदेव. जातो आमी."

कोणी हसलं नाही आता. मुलीकडचे दोन म्हातारे पुढं येऊन बघायला लागले. मुहूर्त साडेबाराचा. बन्सीने फेट्याचा शेव खोचला, गड्याच्या हातून बादली हिसकली आणि साखरीच्या पाठीवर ओतली. निम्मं पाणी रामच्या धोतरावर गेलं.

"निपटा," बिबीजान म्हणाली.

"काय?"

"हातानं निपटून काढा. न्हाईतर पानी तापतं. असं. मानेकडून खाली." तिने एकदा करून दाखवलं, मग हात बांधून बघत राहिली.

बन्सीआण्णाने घोडीचं अंग निपटलं. तीन हजार लोकांच्या लग्नाचा धनी, जरीचा फेटा, सोन्याचं कडं, आणि कडं घोडीच्या केसांनी माखलेलं. लंकाबाई म्हणाली, "घासा आण्णा, कानामागंबी घासा." वर्षभर बिबीजानने जे मनात पाहिलं होतं ते अगदी तसंच डोळ्यापुढं होतं. तिला वाटलं, हे एकवीस खांब कमी आहेत. शंभर पाहिजे होते.

सहाव्या खांबाला बन्सीचा सदरा पाठीला चिकटला. नवव्याला त्याच्या फेट्याखालून घामाचे ओघळ लागले. हनुवटीवरून थेंब पडत होते ते साखरीच्या कोरड्या खांद्यावर. बिबीजान ते थेंब बघत होती. हिचा घाम तू खाल्लास, आता तूच गाळ.

थेंबांच्या नादात नवव्या खांबाला तिने तसबी काढली नाही.

बाराव्या खांबाला काढली. मोबाईल लावला. साखरीच्या नाकपुड्या फुलून लाल दिसत होत्या, कूस भात्यासारखी चालली होती. मणी सरकत राहिले. शंभरावा मणी बोटाखालून गेला तेव्हा मिनिट व्हायला अजून अठरा सेकंद होते.

थर्मामीटर एकशे पाच.

"उतर!" ती रामला म्हणाली. "उतर खाली, आदी उतर!"

राम उडी मारून उतरला. तिने साखरीला निंबाच्या सावलीत ओढलं, खोगीर सोडलं. "पानी! पानी घाला!" बन्सीने बादली ओतली. आणखी एक. साखरीने अंग झाडलं आणि मागचे पाय फाकले, पडणाऱ्या जनावरासारखे. बिबीजानने तिच्या मानेवरून हात फिरवला आणि तिचा हात भाजला.

पाणी गरम होतं.

लोखंडी टँकर. पहाटे भरलेला आणि तेव्हापासून उन्हात उभा. पाणी कुठलं, पाणी किती, ते कोणाच्या हातानं, सगळं तिने ठरवलं होतं. पहिल्या थांब्याला ते कोमट होतं, नंतर तापत गेलं, आणि ती बन्सीचे हात बघत राहिली. त्यानंतर पाण्यात तिने हात घातलाच नव्हता. सूड उगवायला म्हणून ती साखरीला उन्हात घेऊन आली होती आणि तिच्यावर चुलीवरचं पाणी ओतून घेत होती.

"जार!" ती ओरडली. "थंड पान्याचे जार आना, बन्सी!"

आण्णा नाही, राव नाही. बन्सीने मांडवाकडे पाहिलं. "आवो, जार पाव्हन्यांला हायेत. तीन हजार मानूस जेवायचंय."

"मेली घोडी तर हितंच मरंल. तुझ्या पोराच्या परण्यात, अर्ध्या वाटंवर. मग सांग लोकांला, बिबीजाननं अपशकुन केला. जार आन!"

मागून काठी टेकत म्हातारी पुष्पावती आली होती. साखरीचे फाकलेले पाय तिने पाहिले. "बन्स्या," ती म्हणाली, "उभा काय ऱ्हायला मेल्या? आन की जार!"

मग बन्सी धावला. खरोखर धावला, फेटा सुटून गळ्यात आला तरी. जारची गाडी मांडवाच्या मागून निंबाखाली आली. वीस, तीस, चाळीस जार. बन्सी जार उचलायचा, ओतायचा, निपटायचा, रिकामा जार फेकायचा. आता कोणी त्याला सांगत नव्हतं. राम मुंडावळ्यांसकट जारची टोपणं काढून देत होता. निंबाखाली चिखल झाला. मुहूर्त निघून गेला. भटजींनी दुसरा धरला, आणि राम पुढचे नऊ खांब तापल्या डांबरावरून चालत मारुतीला गेला.

शेवटचा जार उरला तेव्हा साखरीने मागचे पाय जवळ घेतले. कान हलवला. मांडवाकडून पाव्हण्यांचा गलका ऐकू येत होता: पाणी कुठंय, जेवणावर पाणी न्हाई, चूळ भरायलाबी न्हाई. कोणीतरी टँकरचं पाणी पेल्यात घेतलं आणि थुंकलं. त्या लग्नातल्या जेवणाची आठवण बोरमाळमध्ये कोणी काढत नाही, पाण्याची मात्र अजून काढतात.

बन्सी चिखलात बसला होता. ओठ पांढरे पडले होते. बिबीजानने शेवटच्या जारची तोटी सोडली आणि पेला भरला. त्याला वाटलं आपल्यालाच, म्हणून त्याने हात पुढं केला.

बिबीजानने पेला स्वतःच्या तोंडाला लावला. गाल फुगेपर्यंत पाणी घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. या घोटाची तिने एक वर्ष वाट पाहिली होती. चूळ त्याच्या पायांजवळ चिखलात कुठं टाकायची, ती जागासुद्धा तिने बघून ठेवली. बन्सीने हात मागं घेतला. त्यालाही आठवलं होतं.

साखरीने मान खाली घालून तिच्या खांद्याला तोंड टेकवलं. श्वास अजून गरम होता.

बिबीजान वळली आणि तोंडातलं सगळं पाणी तिने साखरीच्या कपाळावर, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये फवारलं. तळहाताने निपटलं. मग उरलेला जार उचलून मानेवर रिकामा केला, शेवटच्या थेंबापर्यंत.

"भाभी," बन्सी खालूनच म्हणाला. "फिटलं का आता?"

तिने कमरेची तसबी काढली, मोबाईलवर मिनिट लावलं आणि साखरीच्या कुशीवर नजर ठेवली.

"गप बसा," ती म्हणाली. "मोजू द्या मला."